लोखंड्याचं सातवं कव्हर

"या पेटीला कोणी हात लावायचा नाही. मी पोलादपूरला जाऊन श्रीखंड घेऊन येतो," असं दसऱ्याच्या सकाळी साहिलने घरात बजावलं आणि हातातले पांढरे मोजे काढून खिशात घातले. हे मोजे महाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातले होते. साहिल तिथल्या प्रयोगशाळेत कामाला होता. कारखाना ते मोजे रसायनांपासून हात वाचवायला देत असे. साहिल ते आपल्या हातांपासून कॉमिकं वाचवायला वापरत असे.

खरं म्हणजे पेटी महाडलाच असायची. पण साहिलचा फ्लॅट तळमजल्यावर, आणि पुराचं पाणी एकदा घरात येऊन गेलेलं. त्या दिवशी साहिलने आधी कॉमिकं वरच्या मजल्यावर नेली, मग टीव्ही, आणि मग बायकोची आठवण झाली म्हणून तो खाली आला. श्रुतिका हे विसरली नव्हती. चिखल उपसून झाल्यावर तिने सांगून टाकलं, "या घरात एक तर ती पेटी राहील, नाहीतर मी." साहिलने विचार करायला वेळ मागितला. हेही श्रुतिका विसरली नव्हती. शेवटी पेटी गावच्या घरी, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आईवडलांकडे आली आणि भाताच्या कणगीशेजारी ऐटीत बसली.

पेटीत होता लोखंड्या. लोखंड्या हा एका कॉमिकचा नायक. तो भिंती फोडतो, गाड्या उचलतो आणि दर दोन पानांनी "आता तुझी खैर नाही!" असं ओरडतो. त्याच्या पहिल्या अंकाला प्रकाशकाने सहा वेगवेगळी कव्हरं काढली होती; अशा प्रत्येक कव्हराला संग्राहक 'व्हेरिएंट' म्हणतात. एकावर लोखंड्या उभा, एकावर बसलेला, एकावर पाठमोरा, एकावर नुसती त्याची मूठ, आणि एकावर रात्र असल्यामुळे जवळजवळ काहीच नाही. सहाव्यावर त्याने डोळे मिटलेले. आत मात्र सगळ्यांत तीच गोष्ट, तीच चित्रं आणि त्याच छपाईच्या चुका. शहाण्या माणसाने एक अंक घेतला असता. पण प्रकाशकाचं पोट शहाण्या माणसांवर भरत नाही, साहिलसारख्यांवर भरतं.

साहिलकडे पाच कव्हरं होती. डोळे मिटलेला लोखंड्या तेवढा नव्हता, आणि त्यापायी त्याचे डोळे मिटत नव्हते. फोनवरच्या संग्राहकांच्या ग्रुपवर त्याच्या नावापुढे सगळे "अपूर्ण" असं लिहीत. हा ग्रुप चालवणारा पुण्याचा विनीत याच्याकडे तो अंक दोनदा होता. साहिलकडे उभा लोखंड्या पहिल्या आवृत्तीचा दोनदा होता, पण त्यातल्या एकाचा कोपरा दुमडलेला. तेव्हा अदलाबदल ठरली. विनीत दसऱ्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला येणार होता. बायकोमुलांना हॉटेलात सोडून तो घाट उतरून खाली येणार, प्रत तपासणार आणि डाग नसेल तरच बदली करणार. कोपरा दुमडलेला असला तरी तो प्रत परत करतो आणि वर ग्रुपवर नाव जाहीर करतो, अशी त्याची ख्याती होती. एवढ्याशा गोष्टीसाठी वर्षभर साहिलला धड जेवण जात नव्हतं, आणि त्याला त्याचा अभिमानही वाटत होता.

आदल्या दिवशी तो प्रती काढून बसला तेव्हा त्याच्या आईने, प्रयागबाईने, सहज विचारलं होतं, "ही दोन एकसारखीच हायत ना रे?"

साहिलला असं कोणी विचारलं की चेव येत असे. "एकसारखी? आई, ही पहिली आवृत्ती. ओरिजिनल! हिच्याएवढं मोलाचं या घरात काही नाही. आणि ही रिप्रिंट. नंतर छापलेली. म्हणजे नक्कलच. ही वाचायला ठेवलीय."

"आणि ही खरी वाचायची नाय?"

"छे! उघडलीसुद्धा नाही अजून."

प्रयागबाईने मान डोलावली. ती साधी बाई नव्हती. ऐकलेलं लक्षात ठेवायची, आणि नेमकं तेच घात करून गेलं.

साहिल पोलादपूरहून श्रीखंडाचा डबा, झेंडूची फुलं आणि आपट्याच्या डहाळ्या घेऊन परतला तेव्हा ओटीवर पूजा मांडून झाली होती. पाटावर वडलांचे दोन कोयते, विळा, नांगराचा फाळ आणि श्रुतिकाचा लॅपटॉप ओळीने ठेवलेले. मधोमध, सगळ्यांत मानाच्या जागी, उभा लोखंड्या. प्लास्टिकच्या पिशवीतून मोकळा केलेला. कपाळावर ओल्या बोटाने हळद, त्यावर कुंकू, छातीवर अक्षता, आणि नाकावर एक टपोरा झेंडू.

साहिलच्या हातून श्रीखंड पडलं. "आई! हे काय केलंस तू?"

"पूजा," प्रयागबाई म्हणाली. "दसरा हाय ना आज."

"अगं, पण माझं कॉमिक कशाला?"

"मंग काय ठेवू? पाटावर पुस्तक नको? तुजी शाळेची पुस्तकं तूच रद्दीत घातलीस. सूनबाय म्हणाली, माजी घ्या. पन तूच काल म्हणालास, याच्याएवढं मोलाचं घरात काय नाय. मंग पूजा मोलाच्याची करू का दुसऱ्या कशाची?"

"पण दुसरी प्रत होती ना! अगदी तशीच दिसते ती!"

"ती नकली हाय म्हणालास. देवापुढं नकली ठेवतात होय रे?"

साहिलने पिशवीचा मुद्दा काढला. "निदान पिशवीतून तरी काढायची नव्हतीस!"

"आणि कुंकू पिशवीला लावू?" प्रयागबाई म्हणाली आणि पुऱ्या लाटायला आत गेली.

साहिल झेप घेऊन पाटाजवळ गेला, तोच वडलांचा, महिपतींचा, आवाज अंगणातून आला. ते पॉवर टिलरला झेंडूची माळ बांधत होते. "ए, हात काढ! पूजेतली वस्तू आज हलवायची नाय. उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"बाबा, माणूस येणार आहे पुण्याचा! त्याला द्यायचीय ती!"

"पुण्याचा येवू दे नायतर दिल्लीचा. माजा कोयता बघ, पडलाय की नाय गप? टिलर गप हाय. तुजं पुस्तक काय टिलरपेक्षा मोठं लागून गेलं?"

विनीतला आज येऊ नका म्हणून सांगावं, या विचाराने साहिलने फोन लावला. पण विनीत घाट उतरायला लागला होता, आणि आंबेनळीत रेंज कुठली? फोनमधली बाई तीच ती टेप ऐकवत राहिली. आता उपाय एकच होता. महिपती टिलरच्या पलीकडे वाकले तशी साहिलने फुलं बाजूला केली, लोखंड्याला उचललं, त्या जागी रिप्रिंट ठेवली, तिच्या नाकावर झेंडू बसवला आणि मूळ प्रत पोटाशी धरून तो परसात पळाला. चोरी स्वतःच्या वस्तूची असली तरी छाती तेवढीच धडधडते, हे त्याला त्या दिवशी कळलं.

परसात, धुण्याच्या दगडाशी बसून त्याने मोजे चढवले. अक्षता फुंकरीने उडाल्या. एक तांदूळ चिकटला होता, तो मोजा क्षणभर उतरवून नखाने काढताना लोखंड्याची डावी भुवई बरोबर आली. कुंकू कापसाने बरंचसं निघालं. कपाळावरची हळद मात्र हलेना. मग या रसायनांच्या जाणकाराने, रोज आठ तास काचेच्या नळ्यांतून रंग बदलताना पाहणाऱ्या गृहस्थाने, दगडावरचा धुण्याचा साबण कापसाला लावला आणि तो हळदीवर घासला.

हळद लालभडक झाली.

साहिल पाहत राहिला आणि आणखी जोरात घासू लागला. जेवढं घासलं तेवढं लाल झालं. श्रुतिका कपबश्या विसळायला बाहेर आली तेव्हा लोखंड्याचं कपाळ फोडल्यासारखं दिसत होतं.

"साहिल," ती म्हणाली, "हळदीला साबण लावलास तू?"

"मग काय लावू?"

"आठवीच्या वर्गात दाखवते मी हा प्रयोग. हळद, साबण, लाल. पोरं टाळ्या वाजवतात. तू पगार कशाचा घेतोस रे तिथे?"

"उपाय सांग, उपाय!"

"लिंबू लाव. परत पिवळं होईल."

ती हे कुचेष्टेने म्हणाली होती. पण साहिलने लिंबू आणलं, पिळलं, आणि हळद खरोखरच परत पिवळी झाली. फक्त जिथे लिंबू लागलं तिथे. जिथे साबण राहिला तिथे लाल राहिली, आणि जिथे दोन्ही एकमेकांत गेले तिथे लोखंड्याच्या डोक्याभोवती केशरी वलय उमटलं. भुवई नसलेला, चेहरा सुरकुतलेला आणि डोक्यामागे तेज फाकलेला लोखंड्या आता बाबा झाल्यासारखा दिसत होता. साहिलने त्याला चुलीची ऊब दिली, पुठ्ठ्याने वारा घातला. तेवढ्यात अंगणात गाडीचा हॉर्न वाजला.

विनीत गाडीतून उतरला तो पोट धरूनच. घाटाच्या वळणांनी त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ऐट शाबूत होती. ओटीवर बसून तो पाणी प्याला, स्वतःचे मोजे चढवले, साहिलच्या मोज्यांकडे पाहून "फॅक्टरीचे वाटतं?" असं म्हणाला आणि भिंग काढलं. "हं. आणा प्रत."

साहिलने प्रत आणली. पळून जावं असंही त्याच्या मनात आलं, पण स्वतःच्या घरातून माणूस पळणार कुठे?

विनीतने भिंग धरलं आणि त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "हे काय आहे?"

साहिलच्या डोळ्यांसमोर ग्रुप आला. "अपूर्ण" या शब्दापुढे आता काय काय लिहिलं जाईल तेही आलं. त्याने तोंड उघडलं, आणि आतून जे बाहेर पडलं ते त्याने स्वतःच नवलाने ऐकलं. "दसरा व्हेरिएंट."

इथे विनीतने "हे काय असतं?" एवढंच विचारायचं होतं. कोणत्याही धड माणसाने विचारलं असतं. पण विनीत हा ग्रुपचा मुख्य. लोखंड्याबद्दल आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही, असं त्याने आजवर कधी कबूल केलं नव्हतं, आणि ते पोलादपूर तालुक्यात येऊन कबूल करणं तर शक्यच नव्हतं.

"अच्छा," तो सावकाश म्हणाला. "हा तो होय."

"हो," साहिल म्हणाला.

"ऐकून होतो. प्रत्यक्ष पाहिला नव्हता. प्रकाशकाने मोजक्याच प्रतींवर..."

"हाताने," साहिल पुटपुटला.

"हाताने! मला सांगताय? खऱ्या हळदीकुंकवाने." विनीतने नाक जवळ नेऊन वास घेतला. "आणि लिंबाचा अर्क. टिकाऊपणासाठी. जुनी पद्धत आहे ही. भुवई मुद्दाम काढलीय, बघा. नकली ओळखता यावा म्हणून एक खूण ठेवतात." यापुढे साहिलला खोटं बोलायची गरजच उरली नाही. जे काही बोलायचं होतं ते विनीतच बोलला, आणि त्याच्याइतकं मनापासून साहिलला जमलंही नसतं.

इतक्यात प्रयागबाई पुऱ्यांचं ताट घेऊन बाहेर आली. "साहिल रे, पाटावरच्या पुस्तकाचं कुंकू कुठं गेलं? मगाशी बघते तर कोरं! परत लावलं मी."

साहिल घाईने ताट घ्यायला पुढे झाला. विनीत मात्र उठून उभा राहिला आणि त्याने चक्क हात जोडले. "काकू, म्हणजे हे कुंकू तुम्ही लावता?"

"मंग कोन लावनार?"

"बऱ्याच वर्षांपासून?"

"लगीन होऊन या घरात आले तवापासून."

"या हातांनी!" विनीत साहिलकडे वळून कुजबुजला. "आणि तुम्ही हे ग्रुपवर कधी बोलला नाहीत. ग्रेट आहात. काकू, किती प्रती केल्यात?"

"प्रती काय? कोयते केले, विळा केला. पुस्तक औंदा पयल्यांदाच. तेबी दोनदा लावायला लागलं, काय सांगू!"

"दोनदा?" विनीतचा चेहरा पडला. "म्हणजे आणखी एक आहे?"

तो पाटाकडे गेला. महिपतींनी अंगणातूनच "हात नाय लावायचा हां!" असा दम भरला, तेव्हा त्याने गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून, भिंगातून रिप्रिंट पाहिली. तिच्यावर प्रयागबाईने लावलेलं हळदीकुंकू रेखीव आणि सुंदर दिसत होतं. विनीतने तुच्छतेने ओठ मुडपले. "रिप्रिंट. पिना बघा कशा चकाकतायत. आणि वलय कुठे आहे? वलय जमलेलंच नाही. हे कुंकू अगदी ताजं दिसतं. मघाच्या प्रतीवरचं कसं मुरलेलं आहे! ही नक्कल आहे, साहिल. उघड उघड नकली."

"नकली?" प्रयागबाई कडाडली. "मी लावलेलं नकली? अरे, कोण हाय हा?"

"आई, पुरी जळतेय बघ आत," साहिल म्हणाला आणि त्याने तिला जवळजवळ ढकलतच स्वयंपाकघरात नेलं. आत श्रुतिका तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

अदलाबदल झाली. डोळे मिटलेला लोखंड्या साहिलच्या हातात आला आणि वलयवाला लोखंड्या विनीतच्या दुहेरी पिशवीत गेला. निघताना महिपतींनी रीतीप्रमाणे पाहुण्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा."

विनीतने पान भिंगातून पाहिलं. "हे प्रतीसोबतच येतं का?"

"हो," साहिल म्हणाला.

विनीतने ते वेगळ्या पिशवीत घातलं.

त्या संध्याकाळी साहिलने सहा कव्हरं सतरंजीवर ओळीने मांडली. वर्षाची तगमग एकदाची संपली होती. तो त्यांच्याकडे पाहत राहिला, पुन्हा पुन्हा क्रम बदलून पाहत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते लग्नाच्या फोटोतही नसल्याचं श्रुतिकाने नमूद केलं. जेवण झालं, तो अंगणात रेंज शोधत गेला आणि ग्रुप उघडला.

विनीतने फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, "दसरा व्हेरिएंट. ज्ञात असलेली एकमेव मूळ प्रत, आपट्याच्या पानासह. यापुढे लोखंड्याच्या पहिल्या अंकाचा संच सात कव्हरांचा धरला जाईल." त्याखाली सभासदांची झुंबड उडाली होती. एकाने लिहिलं होतं की त्याच्याकडे ही प्रत लहानपणी होती, मामाने हरवली. दुसऱ्याने ती नाशकात पाहिली होती. तिसऱ्याच्या मते वलयाचा केशरी रंग किंचित फिका होता, पण तो वाद घालू इच्छित नव्हता. आणि सगळ्यांत शेवटी कोणीतरी साहिलचं नाव घेऊन विचारलं होतं, "मग तुम्ही अजून अपूर्णच ना?"

साहिल उत्तर टाइप करायला लागला आणि थांबला. खरं सांगावं, तर लबाड ठरणार. न सांगावं, तर अपूर्ण राहणार. रात्रभर तो कूस बदलत राहिला आणि रात्रभर त्याच्या डोळ्यांसमोर ते वलय तरळत राहिलं. किती नाजूक होतं ते! कडेला लाल, मग केशरी, आणि आत सोनेरी पिवळं. असं पुन्हा होणं शक्य नाही. आणि ती मुद्दाम काढलेली भुवई! पहाटेपर्यंत त्याची पक्की खात्री झाली की आपल्या हातून एक अनमोल चीज निसटली आहे.

सकाळी उत्तरपूजा झाली. महिपतींनी कोयता उचलला, श्रुतिकाने लॅपटॉप उचलला, आणि प्रयागबाईने पाटावरचं पुस्तक पदराने हलकेच पुसून मुलाच्या हातात दिलं. सुनेने तिला सगळं सांगितलं होतं. "घे. जीव लावून बसलायस ना त्या सातव्यासाठी? हे तुजं सातवं. हळद तीच, कुंकू तेच, दिवसबी तोच, आणि हात माजाच. आता तरी दोन घास खा."

साहिलने पुस्तकाकडे पाहिलं. मग त्याने आईकडे पाहिलं. ज्या माणसाने आपल्या हाताने साबण लावला होता, लिंबू पिळलं होतं आणि भुवई खरवडली होती, त्याच माणसाच्या नजरेत आईच्या अडाणीपणाबद्दल खरीखुरी कीव दाटून आली.

"आई," तो शांतपणे म्हणाला, "ती रिप्रिंट आहे."

मग तो अंगणात गेला, टिलरपाशी दोन काड्या रेंज मिळते तिथे उभा राहिला, आणि त्याने विनीतला फोन लावला. दसरा व्हेरिएंट परत मिळणार असेल तर आपली सहाच्या सहा मूळ कव्हरं द्यायला आपण तयार आहोत, असं त्याने अजिजीने सांगितलं.

"संच फोडायचा म्हणजे जिवावर येतं हो," पलीकडून विनीत म्हणाला. "विचार करून कळवतो."

साहिलने त्याचे आभार मानले.